घोड्याच्या चंदीचं कोण लिहिणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पानिपतावरचा लेख वाचला. तोफा आल्या, गारदी आले, सरदारांची भांडणं तर पानभर. घोडे काय खात होते, हे मात्र एका ओळीतही नाही.

मी परतूरचा. वरातीसाठी दोन घोड्या बाळगतो. उदगीरची लढाई जिंकल्यावर सदाशिवरावभाऊंची फौज १४ मार्च १७६० रोजी आमच्याच गावाहून उत्तरेकडे निघाली. मार्च म्हणजे शाळू नुकताच निघालेला, कडबा ताजा. निघायला वेळ बरी होती, एवढं घोडेवाला म्हणून सांगतो.

माझ्या एका घोडीला रोज सात-आठ किलो वैरण आणि दोन किलो चंदी, म्हणजे दाणा, लागते. दहाच हजार घोडे धरा. रोजची २०० क्विंटल चंदी झाली. बैलाच्या पाठीवर क्विंटल-सव्वाक्विंटल गोणी, म्हणजे पावणेदोनशे बैल फक्त एका दिवसाच्या चंदीला! ते बैल हाकणारे लमाण, खरारा करणारे मोतद्दार, नालबंद यांची नावं कुठल्या लेखात येतात? वैरण तर सोबत नेणं शक्यच नाही, ती वाटेत कापायची. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. तो मेला की शिलेदाराचं पोटच गेलं.

ऑक्टोबरात पानिपताजवळचा कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला तेव्हा धान्य हाती लागलं. पुढे पानिपतात मराठ्यांची अडीच महिने कोंडी झाली. वैरण कापायला बाहेर पडावं, तर अब्दालीचे स्वार टपलेले.

परवाच्या अवकाळीत माझा कडब्याचा टेम्पो अडकला. दोन दिवस घोड्या अर्ध्या वैरणीवर होत्या. तिसऱ्या दिवशी थोरलीनं धाकटीची शेपटी कुरतडली आणि गव्हाणीचं लाकूड चावून ठेवलं. हे दोन दिवसांत. तिथे अडीच महिने! १४ जानेवारी १७६१ ला त्या जनावरांवर जीन कसलं असेल तेव्हा तंग (पोटाखालचा पट्टा) किती भोकं आत घ्यावा लागला असेल, हे मला रात्री सुचत राहतं.

आणखी एक. लेखासोबतच्या चित्रातला घोडा उंचापुरा काठेवाडी आहे. आपलं दख्खनी तट्टू बुटकं, पण चिवट. चित्रकाराला मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला, घोड्यांच्या बाजारात पाठवा. मी तिथेच असतो, राहुटीत जागा करून देईन.

आपला,
एक घोडेवाला वाचक, परतूर (जि. जालना)