मावशी, तुम्ही आम्हाला काही करू दिलं नाहीत म्हणून

मावशी,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहू का, म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरें, पूण म्हजें नांव नाका." म्हणून नाव घालत नाही. गोव्यातल्या सत्तरीत अळमी, म्हणजे अळंबी, काढायला रानात जाणाऱ्या बायका तुम्हाला ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

गणेशचवथीला पुण्याहून आलेला माझा भाचा माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळाफुलांचं, सामान काढायला तुमच्याबरोबर आला होता. कांगलां झाली, घागऱ्यो झाल्या, आणि परतताना कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, त्याचा फोन पोफळीच्या पाचोळ्यात पडला. तो उचलताना त्याच्या बोटाला साप चावला. वीतभर-दीड वीत लांबीचा, पाचोळ्याच्याच रंगाचा. पुढचा अर्धा तास तुम्ही कायकाय केलंत ते वाड्यावर सगळे सांगतात. मी आभार मानतेय ते तुम्ही जे करू दिलं नाहीत त्याचे.

कुणी काथ्याची दोरी आणली, तुम्ही ती काढून घेतलीत. कुणी ब्लेड शोधत होतं, त्याला घरी पाठवलंत. शेजारच्या काकांनी विष चढलंय का ते पाहायला मिरची चावायला द्या म्हटलं, कुणी दुखतंय म्हणून गोळी पुढे केली. तुम्ही दोन्ही नाकारलंत. दांडा घेऊन साप मारायला निघालेल्या पोरांना लांब उभं केलंत आणि एकाला तिथूनच फोटो काढायला लावलात. मेलेल्या सापाचं डोकंही चावू शकतं, हे त्या पोरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मलाही. देवळातलं तीर्थ आणायचं ठरत होतं तेव्हा तुमचा आवाज चढला: "तीर्थ आमी घेवया, ताका पयलीं गाडयेंत बसयात."

केलंत ते मोजकंच. त्याची अंगठी आणि घड्याळ काढलंत, कारण हात सुजला की ती निघत नाहीत. माझी शाळेची लाकडी फूटपट्टी हाताखाली धरून ओढणीने सैल बांधलीत आणि हात गळ्यात अडकवलात. सूज कुठवर आली तिथे पेनने रेघ ओढून बाजूला वेळ लिहिलीत. चालू मात्र दिलं नाहीत. आमची प्लास्टिकची खुर्ची, तिच्यात तो, आणि दोघांनी उचलून थेट रस्त्यापर्यंत. १०८ ला फोन लावून झाला होता, पण तुमच्या धाकट्याची पिकअप दारात होती, ती आधी निघाली.

इतकं ठाम राहायला तुम्ही कुठे शिकलात ते नंतर कळलं. तुम्ही सांगायला परवानगी दिलीत म्हणून लिहिते. तुमचे दीर तरुणपणी रात्री रानडुकराच्या शिकारीला जायचे. एका रात्री पायाला घोणस चावली. बरोबरच्यांनी गुडघ्याखाली सुंभ करकचून आवळला आणि त्यांना घरी आणून झोपवलं. शिकारीला कायद्याने बंदी, इस्पितळात 'कुठे चावला, इतक्या रात्री तिथे काय करत होतात' असं विचारणार, वन खात्याला कळणार, या धाकाने उजाडेपर्यंत कुणी बोललं नाही. दीर वाचले, पाय गेला. घोणशीचं विष जागच्या मांसाचाच नाश करतं आणि वरून आवळलं की ते तिथेच कोंडून राहतं, हे डॉक्टरांनी तुम्हाला तेव्हा समजावलं होतं. ते तुम्ही इतकी वर्षं विसरला नाहीत.

शिकारीबद्दल मी इथे फार बोलणार नाही, तुमचं माझं त्यावर एकमत आहेच. पण एक गोष्ट तुम्ही म्हणालात ती शिकाऱ्यांच्या घरच्यांनी वाचावी. ते अंधारात, पायवाट सोडून, पावलाचा आवाज न करता जातात, म्हणजे सापाला बाजूला व्हायची संधीच देत नाहीत. आणि चावल्यावर लपवतात. डॉक्टरला सावज नको असतं, चावल्याची वेळ हवी असते.

आता भाच्याचं. वाळपईच्या इस्पितळात पोचल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. गोठलं तर बरं, पातळच राहिलं तर विषाने रक्ताची गोठण्याची ताकद मोडलेली. ही तपासणी पुन्हा पुन्हा झाली, पुढे बांबोळीच्या मोठ्या इस्पितळातही. माझी बहीण सारखी विचारत होती, "अहो, सापावरचं इंजेक्शन का देत नाही?" उत्तर तुमच्या त्या फोटोत होतं. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. फोटोतला होता वर उचललेल्या नाकाचा चापडा. त्याच्यावर ते लागू पडत नाही, उलट घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषध म्हणून त्याची रिअॅक्शन येण्याची भीती वेगळीच. लोक याला फुरसं समजतात. तुम्ही फोटो बघताच नाकावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, फुरसं उघड्या कातळावर, सड्यावर, हे सावलीतलं, कुळागरातलं. डॉक्टर लक्षणं पाहूनच ठरवतात, पण तुमचं बोलणं त्यांनी लिहून घेतलं. मूत्रपिंडावर लक्ष ठेवलं, जखम सांभाळली, वाट पाहिली. बोटावर फोड आले, हात कोपरापर्यंत सुजला, आणि हळूहळू उतरला.

त्या वॉर्डात बसल्यावर कळलं की आमचं किती सोपं गेलं. देशात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने गेली असा अंदाज आहे. त्यातली बरीच इस्पितळात पोचलीच नाहीत.

भाचा बरा झाल्यावर मी तुमच्याबरोबर रानात येऊ लागले ते खरं म्हणजे तुमची चाल बघायला. गमबूट, हातात काठी, पहाटेची बॅटरी. पाचोळ्यात आधी काठी, मग पाय. आडवा ओंडका आला की तुम्ही ओलांडत नाही, त्यावर चढता, पलीकडे बघता आणि मग उतरता. पावसात तुमची नजर जमिनीवर कमी आणि कमरेएवढ्या फांद्यांवर जास्त असते, कारण मलबार चापडा तिथे बसतो, कधी हिरवा, कधी पिवळा, कधी तपकिरी, आणि दिवसच्या दिवस त्याच फांदीवर राहतो. एक तर तुम्ही ओळखीच्या माणसासारखा दाखवलात. लाकडाचा ढीग, वाळलेली चुडतं, जांभ्याच्या गडग्याची भोकं, सगळीकडे तुमचं एकच: "हात घालचेपयलीं दोळे घाल."

रोयणीपाशी, म्हणजे वारुळापाशी, तुम्ही आधी हात जोडता. सांतेरी देवीचं ते रूप, तिच्या अंगावरची अळमी मागून घ्यायची. मग काठीने बाजूची जमीन आपटता, भोकांकडे बघता, कारण वारुळात नाग राहतो आणि तोही सांतेरीचाच. अळमी बोटांनी अलगद खुडता, कुदळ लावू देत नाही, थोडी मागे ठेवता. पहिल्या दिवशी मला ते सगळं भक्तीचंच वाटलं होतं.

आणि मच्छरदाणी. भाच्याच्या पायथ्याशी बसून तुम्ही आमच्या घरातल्या सगळ्यांना खाली झोपायचं बंद करायला सांगितलंत. मण्यार रात्री घरात येते, चावलेलं कळतही नाही, सकाळी पोट दुखतं आणि पापण्या उघडत नाहीत. मच्छरदाणी गादीखाली खोचलेली हवी. आमच्या सासूबाई अजून कुरकुरतात, पण खोचतात.

आता कामाचं. वाड्यावर रात्री कुणाकुणाची गाडी मिळू शकते त्याची यादी आम्ही करतोय, वाचनालयाच्या भिंतीवर लागेल. तुमच्या धाकट्याचं नाव पहिलं घातलंय, त्याला विचारलेलं नाही. शनिवारी तो भाड्याला वाळपईला असतो असं ऐकलं, तर शनिवारी दुसऱ्या कुणाचं घालायचं ते तेवढं कळवा.

तुमची,
वरच्या वाड्यावरची मास्तरीण