कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेकॅनिक मामांना, एका यामाहा आरएक्सवाल्याकडून

मामा, नमस्कार.

तुम्ही माझ्या गाडीच्या जाम झालेल्या इंजिनाच्या बोअरचे आणि पिस्टनचे पैसे घेतलेत, पण माझ्यासाठी घालवलेल्या तीन रविवारांचे घेतले नाहीत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. आरएक्स बाळगणाऱ्या पोरांनीही ते वाचावं.

आबांची १९९३ ची आरएक्स १००. ९८ सीसी, कंपनीची ११ हॉर्सपॉवर. मी पोर्टिंग केलं, म्हणजे सिलिंडरमधली हवेची भोकं मोठी केली, एक्सपान्शन चेंबर (ताकद वाढवणारा सायलेन्सर) लावला आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून २८ मिलिमीटरचा कार्ब, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर बसवला. मोठा कार्ब म्हणजे जास्त पिकअप, एवढीच माझी समज. रंकाळ्याच्या गर्दीत ॲक्सिलरेटर पिळला की गाडी आधी गुदमरायची, मग एकदम उसळायची. शेवटी वाघबीळच्या चढाला पिस्टन जाम झाला. मागचं चाक लॉक झालं, क्लचवर बोटं होती म्हणून वाचलो.

इंजिन बांधून झाल्यावर मी म्हटलं, मोठा मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य बारीक भोक) टाका. तुम्ही जेटचा डबाच मिटवलात. "आधी हवा कुठनं शिरतीया ते बघूया." इंजिन आयडलवर ठेवून कार्ब आणि इंजिनाच्या मधल्या रबरावर क्लीनर फवारलात आणि आवाज बदलला. केसाएवढी चीर होती. तिथून जादा हवा जायची, मिश्रण लीन व्हायचं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडलं की त्याच्यामुळे मिळणारा गारवा कमी पडतो, आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल तर तेही कमी पडतं, हे मला त्या दिवशी कळलं. मोठा जेट टाकला असता तर चीर तशीच राहून वाढत गेली असती.

मग विचारलंत, "गाडी रस्त्यावर चालवायचीया न्हवं?" आणि २८ काढून २४ लावलात. कार्बचं भोक मोठं असलं की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, आणि जेटमधनं पेट्रोल ओढायला तो वेगच लागतो. हे दोन वाक्यांत सांगणारं मला आधी कुणी भेटलं नव्हतं.

ॲक्सिलरेटरच्या मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्यात. पेट्रोल कोण ठरवतं, तर पावाच्या आत पायलट (छोटा जेट) आणि स्लाइड (मुठीबरोबर वर-खाली होणारा पडदा), पाव ते पाऊण नीडल (स्लाइडला लटकलेली सुई), त्यापुढे मेन जेट. एका वेळी एकच बदल, तोही एअर फिल्टर लावूनच. आयडलची हवा ठरवणारा एअर स्क्रू दीड फेऱ्यांवरून सुरू केला. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली, नीडल वर आली आणि मधला खड्डा गेला. मेन जेट मुद्दाम मोठ्यापासून सुरू करून एकेक नंबर उतरवलात. पहाटे गगनबावडा रस्त्यावर फुल थ्रॉटलला इंजिन बंद करून नवा प्लग काढायचा आणि त्याच्या टोकाला कॉफीचा रंग येईपर्यंत परत फिरायचं, यात दुसरा अख्खा रविवार गेला. तुम्ही चहासुद्धा तिथंच उभ्यानं प्यायलात.

पन्हाळ्यावर गाडी जरा जड वाटली तेव्हा मी तिथंच जेट बदलायला निघालो होतो. फोनवर तुम्ही थांबवलंत. वर हवा विरळ, म्हणून मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. तिथं कमी केलेलं पेट्रोल खाली शहरात आल्यावर कमीच पडलं असतं. माझं दुसरं पिस्टन त्या फोननं वाचलं.

आबा परवा गाडीवर मागं बसले. उतरल्यावर टाकीवरून हात फिरवत म्हणाले, "आता पहिल्यासारखी वाजतीया."

थंडी पडायला लागली की हवा दाट होईल, तेव्हा एकदा प्लग बघून घेऊ म्हणाला होतात. परवाचा काढून कागदात गुंडाळून ठेवलाय, येत्या रविवारी घेऊन येतो.

तुमचा,
आरएक्सवाला भाचा