उंच रोपांचा मोह सोड

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचलं. जमिनीच्या तुकड्यावर झाडं लावायचं ठरवलंस, उत्तम केलंस. पण अर्धं पत्र ‘डोक्याइतकी उंच रोपं कुठं मिळतील’ यातच खर्ची पडलंय, म्हणून तुला तिथंच अडवतो. उंच रोप डोळ्यांना बरं वाटतं, बाकी त्याचा उपयोग बेताचा. पिशवीत दोन-दोन वर्षं अडकून पडलेल्या रोपाचा वर पानांचा पसारा आणि खाली मूठभर माती. पानं पाणी उडवत राहतात आणि मुळांना तेवढं ओढता येत नाही. जमिनीत गेल्यावर ते वर्षभर नुसतं तग धरून उभं राहतं. त्याऐवजी हातभर उंचीचं, बुंध्याशी जाड, भरपूर तंतुमुळं असलेलं रोप लाव. बहुतेकदा दोन-तीन पावसाळ्यांत ते उंच भावाला गाठतं आणि पुढे जातं.

रोप विकत घेणार असशील तर एक पिशवी फाडून दाखवायला सांग. सोटमूळ खाली गेलं, तळाला आपटलं आणि गोल फिरू लागलं, की तो वेढा पुढे आपोआप सुटत नाही. झाड वाढतं तशी मुळं जाड होतात, एकमेकांना आवळतात आणि चांगलं वाढलेलं झाड एखाद्या वादळात मुळासकट आडवं होतं. लोक वाऱ्याला दोष देतात; खरी गोम रोपवाटिकेतली. लावताना पिशवीचा तळ बोटभर कापून वेढा काढून टाकायचा, जीव कळवळला तरी. स्वतः रोपं करणार असशील तर रूट ट्रेनर वापर. आतून उभ्या कडा असलेली, खाली उघडी नळी ती. जमिनीपासून उंच, मांडणीवर ठेवली की मूळ खाली हवेत येतं, टोक सुकतं आणि वरच्या बाजूनं नवी मुळं फुटतात. नळ्या थेट जमिनीवर ठेवल्यास तर या साऱ्यावर पाणी. कोंब वाफ्यातून पिशवीत हलवतानाही मूळ वर दुमडू देऊ नकोस, काडीनं भोक पुरेसं खोल कर.

आता बी. ‘उन्हात वाळवून बरणीत भरून ठेवलंय’ असं तू मोठ्या समाधानानं लिहिलंस. त्यातल्या बाभूळ, शिरीष, बहावा यांना काही झालेलं नाही, ती वर्षानुवर्षं टिकतात. आंबा, फणस, जांभूळ मात्र त्या बरणीत मेले असं समज. काही झाडांचं बी ओलं असतं तोवरच जिवंत, वाळलं की संपलं. १९७३ मध्ये रॉबर्ट्स या शास्त्रज्ञानं बियांची ही वाळवता येणारी आणि न येणारी अशी विभागणी केली, आणि उष्ण, दमट जंगलांतली बरीच झाडं या दुसऱ्या गटात मोडतात. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजानं ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. घाईघाईनं पेरूनही रुजल्या २,७०० च्या आसपास, बाकीच्या गेल्या. आशियातली रबराची लागवड मुख्यतः त्या उरलेल्यांतून उभी राहिली. सालाचं बी तर आठवडाभरातच जीव सोडतं. कडुनिंबाचा धीरही काही आठवड्यांपुरताच, म्हणून पिकली फळं गोळा करून गर काढायचा, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं.

कठीण कवचाच्या बियांचं उलट, त्यांना जागं करावं लागतं. पाणी उकळून आचेवरून खाली घे, त्यात बी टाक आणि रात्रभर तसंच निवू दे. सकाळी फुगलेलं बी पेर, न फुगलेल्यावर पुन्हा तोच प्रयोग. चुलीवर बी उकळत ठेवू नकोस, एवढं लक्षात असू दे. सागाला आळीपाळीनं भिजवणं आणि उन्हात सुकवणं मानवतं, तरी तो आपल्या लहरीनंच उगवतो. म्हणून सागाच्या जड्या बऱ्या. वर्षभराचं अंगठ्याएवढं जाड रोप उपटून, वर दोन-तीन सेंटिमीटर खोड आणि खाली वीतभर मूळ ठेवून लावायचं. शिवणलाही हे चालतं.

आणि बी एकाच देखण्या झाडाखालून गोळा करू नकोस. एकट्या उभ्या झाडाचं बी पुष्कळदा स्वतःच्याच परागातून धरलेलं असतं, त्याची रोपं दुबळी निघतात. एकमेकांपासून लांबची पंचवीस-तीस झाडं शोध, प्रत्येकाचं थोडं थोडं घे. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नकोस.

छाट कलमाबद्दल विचारलंस. पांगारा, गिरिपुष्प यांच्या फांद्या नुसत्या रोवल्या तरी फुटतात, तिथं डोकं चालवायची गरज नाही. इतरांसाठी एक साधी पेटी करता येते, वीज नको की फवारा नको. लाकडी चौकटीला पारदर्शक प्लास्टिक सगळीकडून घट्ट लाव. तळाला दगड, त्यावर खडी, वर वाळू आणि पाणी वाळूच्या जरा खालपर्यंत. आतली हवा सदा दमट राहते. कोवळी, पानासकट काडी लाव, पान मात्र अर्धं काप. सगळं पान ठेवलं तर काडी सुकते, सगळं काढलं तर मुळांसाठी लागणारं अन्न बनत नाही. पेटी सावलीत ठेव. काड्या जुन्या झाडाच्या शेंड्याच्या घेऊ नकोस, त्यांना मुळं धरायचा कंटाळा असतो. झाड छाटल्यावर बुंध्यातून येणारे धुमारे घे. कॉफीसारख्या झाडांत आडव्या फांदीची काडी लावलीस तर झाडही आडवंच वाढतं, जन्मभर.

मातीच्या मिश्रणावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला त्यात फार रस नाही. निचरा हवा, बस्स. फक्त त्याच जातीच्या मोठ्या झाडाखालची मूठभर माती त्यात मिसळ. मुळांशी सोबत करणारी बुरशी तिच्यातून येते. उष्ण प्रदेशांत पाइनची रोपं त्या बुरशीवाचून खुरटत, आणि जुन्या पाइनखालची माती घातल्यावर सावरत.

लावण्याआधी महिनाभर रोपांचे लाड कमी करत आण, आधी सावली, मग पाणी. पाऊस सुरू झाल्यावर जमीन खोलवर भिजेपर्यंत थांब, पहिल्या सरीला भुलू नकोस. पिशवी पूर्ण काढ, बुंधा जमिनीच्या पातळीलाच राहू दे. मग भोवती मीटरभर गवत राहू देऊ नकोस. पहिल्या दोन वर्षांत गुरांच्या खालोखाल रोपाचा शत्रू गवतच. पालापाचोळ्याचं आच्छादन घाल, पण खोडाला टेकवू नकोस.

हे सगळं लिहून झाल्यावर वाटतं, तुला यातलं किती लागेल कोण जाणे. आफ्रिकेतल्या नायजर देशात १९८० च्या दशकात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या लक्षात आलं, की उजाड दिसणाऱ्या शेतांत तोडलेल्या झाडांचे बुंधे खाली जिवंतच आहेत. शेतकऱ्यांनी त्यांतले चांगले धुमारे राखले, बाकीचे छाटले, आणि पुढे सुमारे ५० लाख हेक्टरांवर अशी झाडं उभी राहिली. तयार मुळं खाली असताना नवी कशाला करायची? तू ज्याला ‘झुडपांचा कचरा’ म्हणतोस, ते काय आहे ते मला बघायचंय. ट्रॅक्टर बोलावण्याआधी एकदा सगळीकडे पायी फिर, फुटवे दिसतील त्या प्रत्येक बुंध्याला चिंधी बांध, पानांचे फोटो पाठव. कुठली झाडं लावायची ते त्यानंतर ठरवू.

तुझा,
नंदू