मुलींना सीटा दिल्या, दिव्यांग मुलांना लॅब कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयआयटीत मुलींचं प्रमाण वाढावं म्हणून 2018 ला जादा सीटा काढल्या, टार्गेट आधी 14 टक्के मग 2020 ला 20, आणि त्या जादाच्या असल्याने मुलांची एकही सीट कमी झाली नाही, तरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून रडारड चालूच असते. असो. केंद्राची विज्ञान ज्योती योजना पण नववी ते बारावीच्या मुलींसाठी आहे, चांगलीच गोष्ट.

पण दिव्यांग मुलांचं काय? माझ्या भाचीला खूप कमी दिसतं, दहावीला सायन्समध्ये मस्त मार्क, आणि अकरावीला एका कॉलेजात सरळ सांगितलं की आर्ट्स घ्या, प्रॅक्टिकलला अ‍ॅसिड-बिसिड सांडलं तर जबाबदार कोण! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, पण अकरावीलाच सायन्स नाकारलं तर त्या सायन्सच्या जागांवर बसणार कोण? बोलणारा थर्मामीटर, बाटल्यांवर ब्रेल लेबलं, सोबत एक मदतनीस, एवढंच तर लागतं, त्याला काय रॉकेट बनवायचंय का.

पाषाणला आयसर, एनसीएल, विद्यापीठात आयुका, एवढ्या सगळ्या विज्ञान संस्था पुण्यातच आहेत. शिक्षण खात्याने त्यांच्या मदतीने निदान एक तरी अशी लॅब उभी करावी, आणि ज्युनिअर कॉलेजांना लेखी कळवावं की दिव्यांग म्हणून सायन्सची अ‍ॅडमिशन नाकारता येणार नाही.

– एक मामा, हडपसर, पुणे