मंत्रिमहोदय, ती पांढर आता उपग्रहालाही दिसणार नाही

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात एका परिसंवादात आपण म्हणाला होतात, "तुम्ही डिजिटल नकाशा द्या, टेकाड वाचवायची जबाबदारी माझी." मी पहिल्या रांगेत होते, टाळ्याही वाजवल्या. महिन्याभरात नकाशा आपल्या कार्यालयात दिला, त्याची शिक्क्यासह पोच माझ्याकडे आहे. परवा मंगळवारी ते टेकाड जेसीबीनं सपाट केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती दीड दिवसात ट्रॉल्यांमधून गेली.

आपल्याला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. जुन्या वस्तीच्या भुरकट मातीला शेतकरी पांढर म्हणतात. पडक्या भिंती, राख, शेण, हाडं शेकडो वर्षं साचून ती होते आणि काळ्या रानात वरून उठून दिसते. 1960च्या दशकात अमेरिकी हेर-उपग्रहांनी टिपलेली 'कोरोना' छायाचित्रं 1995 साली खुली झाली. (नावावरचे विनोद करून झालेत.) त्यांत सपाटीकरणाच्या, उसाच्या आधीचं रान आहे. ती आजच्या उपग्रहचित्रांवर बसवायची, फिकट डाग हेरायचे, मग पायी जाऊन त्या काळची खूण असलेली काळ्या नक्षीची तांबडी खापरं मिळतात का बघायचं. शेवटी ड्रोनच्या शेकडो फोटोंतून वीतभर चढउतारही दाखवणारा नकाशा करायचा. कुदळ न लावता गावाच्या पसाऱ्याचा अंदाज येतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला अशीच जुनी वस्ती 1968 ते 1983 खणली, तेव्हा 130हून जास्त घरं उजेडात आली. तितकी वर्षं खणायला आज पैसे कोण देतो?

या कामात माझे डोळे गेले, मणका गेला. संगणक माझा, पेट्रोल माझं. ड्रोन उडवला म्हणून चार तास ठाण्यात बसले. परवानगीचा कागद पुढे केला, तर हवालदार विचारतो, "मॅडम, गुप्तधन सापडलं का?" जेसीबीवाल्याला मात्र कुणी कागद मागितला नाही.

शेतकऱ्याला मी दोष देत नाही. पांढर रानात टाकली की पीक चांगलं येतं, हे त्याच्या आज्यालाही ठाऊक होतं. सातबाऱ्यावर एक ओळ असती तर तो थांबला असता. ती ओळ लिहा, म्हणून सात पत्रं पाठवली. उत्तर एकच आलं, तेही दिवाळीच्या शुभेच्छांचं. तुमच्या फोटोसह.

पण तुमच्या एकट्याचं काय घेऊन बसायचं? केंद्र-संरक्षित स्मारकं 2022 साली 3,693 होती. कॅगनं 2013 साली 92 बेपत्ता म्हटली. पुढे संसदीय समितीसमोर तो आकडा 50 झाला, त्यातली 12 जलाशयांखाली आणि 24 कुठे आहेत हेच ठाऊक नाही. हिशेब तुमच्या माणसांनी जुळवावा. जिथे दगडी स्मारकं हरवतात, तिथे मातीच्या ढिगाला कोण विचारतं? तुमच्या लेखी डिजिटल म्हणजे लेझर शो आणि इतिहास म्हणजे तलवार, घोडा, पुतळा. ज्यांनी इथे जव पेरला, मेलेली लेकरं घरातच जमिनीखाली दोन रांजणांत तोंडाला तोंड लावून पुरली, त्यांचा पुतळा होत नाही. त्यांची मतंही नाहीत.

माझ्या यादीतली उरलेली टेकाडं सातबाऱ्यावर चढवा. तलाठ्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि ट्रॉल्यांमागे धावून गोळा केलेली दोन पोती खापरं माझ्या व्हरांड्यात पडून आहेत. ती कुठे जमा करायची, तेवढं कळवा. तुमच्या कार्यालयात फोन केला होता. "भंगार आहे का?" असं विचारलं.

आपली,
एक पुरातत्त्व संशोधक