चित्राचा कापलेला भाग

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जर्मन चित्रकार जॉर्ज ग्रॉस यांच्या 'समाजाचे आधारस्तंभ' (१९२६) या चित्रावर आलेला लेख वाचला. लेखकाने चित्रातल्या माणसांची ओळख नेमकी पटवून दिली आहे; मात्र ओळखपरेड संपते तिथेच लेखही संपतो.

टायला नाझी स्वस्तिकाची पिन लावलेला, गालावर द्वंद्वाचे व्रण मिरवणारा, उघड्या कवटीत घोडेस्वार वागवणारा सरंजामी वृत्तीचा गृहस्थ कोण, हे सांगणे सोपे आहे. अधिक बोलके आहे ते उजवीकडच्या संसद सदस्याच्या हातातले निशाण. तेव्हाच्या जर्मन प्रजासत्ताकाचा ध्वज काळा-लाल-सोनेरी असताना, 'समाजवाद म्हणजे काम' असे पत्रक बाळगणारा हा लोकप्रतिनिधी गेलेल्या साम्राज्याचे काळे-पांढरे-लाल निशाण धरून उभा आहे. त्याच्या डोक्यातली वाफाळती विष्ठा पाहून आपण हसतो आणि निशाणाकडे दुर्लक्ष होते.

या चित्राला लेखकाने पुढच्या नाझी काळाची 'भविष्यवाणी' म्हटले आहे, तेही पटत नाही. म्युनिकमधला हिटलरचा फसलेला उठाव १९२३ चा, आणि लष्कराचा अपमान केल्याबद्दल खुद्द ग्रॉस यांना दंड झाला तो १९२१ मध्ये. ते रंगवत होते तो त्यांचा वर्तमानकाळच होता.

खरा ताण आहे मांडणीत. सुमारे दोन मीटर उंच आणि जेमतेम एक मीटर रुंद कॅनव्हासवर ही माणसे एकमेकांना खेटून, एकावर एक रचल्यासारखी उभी आहेत. गृहस्थ, संसद सदस्य आणि पत्रकार या समोरच्या तिघांमागे डोळे मिटून हात पसरलेला धर्मोपदेशक आहे, त्याच्याही मागे सैनिक आणि पेटलेल्या इमारती आहेत, आणि त्या आगीकडे तिघांचीही पाठ आहे. ज्यांचा भार पेलण्यासाठी हे स्तंभ असायचे, ते कामगार आणि युद्धात अपंग झालेले सैनिक, ग्रॉस यांनी इतरत्र वारंवार रेखाटलेले, इथे अजिबात नाहीत.

दुर्दैवाने लेखासोबत छापलेल्या चित्राचा वरचा भाग जागेअभावी कापला गेला आहे. त्यामुळे धर्मोपदेशक, सैन्य आणि आग ही तिन्ही गेली आणि उरली ती तीन विनोदी डोकी. डोक्यावर शौचपात्र पालथे घातलेला, रक्ताळलेली पामची फांदी धरलेला पत्रकार मात्र आपण कापला नाही, याचे कौतुक वाटते. संपूर्ण चित्र पुन्हा छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक