कमळ नव्हे, बोर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या शब्दकोड्यात ‘कमळे खाऊन सुस्त पडून राहणारे ग्रीक पुराणातील लोक’ असे शोधसूत्र होते, उत्तर ‘लोटोफागी’. उत्तर बिनचूक. शोधसूत्र मात्र दोन ठिकाणी घसरले.

आधी कमळ. लोटोफागी म्हणजे ‘लोटोस’ खाणारे, आणि ग्रीक भाषेत ‘लोटोस’ हे एकाच वनस्पतीचे नाव नाही. गुरे चरतात ते तीन पानांचे गवत, नाईलमधले कुमुद आणि उत्तर आफ्रिकेतले एक काटेरी झुडूप, सगळ्यांना तोच शब्द. लोटोफागी खात ते कोणते, हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस (चौथा खंड, प्रकरण 177) सांगून गेला आहे: रूमी मस्तकीच्या झाडाला येते तेवढे फळ, गोडी खजुराची, आणि त्याची दारूही गाळतात. नंतरचा इतिहासकार पॉलिबियस, त्याने तर झुडूप स्वतः पाहिले होते. फळ पिकल्यावर जांभळट, गोल ऑलिव्हएवढे, आठळी अगदी बारीक. गुलामांसाठी ते भरडीबरोबर कुटून भांड्यांत दाबून ठेवत. स्वतंत्र नागरिकांसाठी आधी आठळ्या काढत. पाण्यात कुस्करून केलेली दारू दहा दिवसांच्या वर टिकत नसे, म्हणून लागेल तेवढीच करत. बरेच अभ्यासक या झुडपाला ‘झिझिफस लोटस’ मानतात. म्हणजे आपल्या बोराचे भावंडच, आणि वरची कृती वाचताना बोरकूट आठवल्याशिवाय राहत नाही. लोटोफागींचा प्रदेश म्हणून ट्युनिशियातले जेर्बा बेट दाखवतात. भूगोलकार स्ट्रेबोच्या काळी तिथे ओडिसियसच्या, म्हणजे होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्याच्या नायकाच्या, नावाची वेदीही होती.

कमळाच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. होमर एका ओळीत ‘फुलांचे अन्न’ म्हणतो. पण दहाच ओळींनी त्यालाच ‘मधासारखे गोड फळ’ म्हणतो. पहिली ओळ धरणारे नाईलच्या निळ्या कुमुदाकडे जातात, दुसरी धरणारे बोरीकडे.

आता सुस्ती. ‘ओडिसी’च्या नवव्या सर्गात मलेयाच्या भूशिरापाशी ओडिसियसची गलबते भरकटतात, नऊ दिवस वारा झोडपतो, दहाव्या दिवशी किनारा लागतो. तिथली माणसे कशी आहेत ते पाहायला दोघे खलाशी आणि सोबत एक भालदार जातो. लोटोफागी त्यांच्या जिवावर उठत नाहीत, फक्त फळ खायला देतात. खाल्ल्यावर तिघे झोपत नाहीत की स्वप्नेही पाहत नाहीत. त्यांना परतायचेच नसते. ओडिसियस रडणाऱ्या तिघांना ओढत आणतो, बाकांखाली बांधतो आणि बाकीच्यांना ताबडतोब वल्ही मारायला लावतो. कायमची दुपार आणि गुंगी यांचा रंग ‘लोटस-ईटर’ या शब्दाला इंग्रजीत चढला तो मुख्यतः इंग्रज कवी टेनिसनच्या 1832 च्या कवितेमुळे. आळशी या अर्थाने शब्द तिथे रुळला, त्याला हरकत नाही. पण मग ‘ग्रीक पुराणातील’ कशाला?

‘परतीची वाट विसरवणारे फळ खाणारे’ असे शोधसूत्र दिले असते तर जागाही कमीच लागली असती.

कळावे,
एक वाचक, सातारा